लॉकरमधल्या गोल नाकाच्या गोळ्या

१

शनिवारी दुपारी यतीन नेमबाजीच्या रेंजवरून आला आणि जोडे न काढता सरळ स्वयंपाकघरात शिरला. मी मेथी निवडत होते. समोर सूनबाई, आसावरी, लसूण सोलत होती. तिच्या अंगठ्याला पट्टी होती, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चेमटला म्हणे, त्यामुळे लसूण कमी आणि सालं जास्त असा कारभार चालला होता.

"आधी जोडे काढ," मी यतीनला म्हटलं. "मग काय बोंब मारायची ती मार."

त्याने जोडे काढले नाहीत. खिशातून दोन काडतुसं काढली आणि माझ्या मेथीशेजारी उभी केली.

"आई, दुकानातल्या पिस्तुलातल्या गोळ्या कुणीतरी बदलल्यात."

"बदलल्यात म्हणजे?"

"ही बघ. हिचं नाक गोल आहे, गुळगुळीत. ही सरावाची, स्वस्तातली. आणि ही दुसरी बघ, हिच्या नाकाला खड्डा आहे. ही महाग. जीव वाचवायची. दुकानात नेहमी खड्ड्याच्याच भरलेल्या असतात. आज जुन्या झाल्या म्हणून रेंजवर उडवून टाकायला काढल्या, तर सगळ्या गोल नाकाच्या. सगळ्या!"

हे पिस्तूल आमच्याकडे का आलं ते सांगते. आयसेलिनला ओक ट्री रोडवर आमचं दागिन्यांचं दुकान आहे. ह्यांनी उभं केलं, ते गेल्यावर यतीन बघतो, आणि यतीनकडे मी बघते. गेल्या वर्षी दुकानात तोंडं झाकलेले तिघे हातोडे घेऊन शिरले. काचा फोडल्या, हाताला लागेल ते उचललं आणि पळाले. आमचा कारागीर देवांग मध्ये पडला, त्याच्या कपाळावर टाके पडले. त्यानंतर यतीनने परवाना काढून पिस्तूल घेतलं. दुकानाच्या मागच्या खोलीत लॉकरमध्ये ते असतं, भरलेलं. महिन्यातून एकदा यतीन सरावाला जातो. तेव्हापासून त्याला झोप नीट लागत नाही, आणि तो झोपत नाही म्हणून मलाही नाही.

"रोज सकाळी बघतोस ना तू?" मी विचारलं.

"मॅगझिन, गोळ्या भरायची डबी, काढून बघतो. मागून फक्त पितळ दिसतं गं. नाकं आत असतात. आणि वजन अगदी सेम. मला कळणार कसं?" तो खुर्चीत बसला. "देवांगचं काम आहे हे. लॉकरचा आकडा त्याला माहीत आहे. दिवसभर मागच्या खोलीत तोच एकटा असतो. कुणाला तरी सामील आहे तो, आई. पुढच्या वेळी ते लोक येतील तेव्हा माझ्या हातात भलतंच काहीतरी असावं, म्हणून केलंय."

"ज्याचं कपाळ फुटलं तो सामील?"

"तेच तर! टाके पडले की कुणाला डाऊट येत नाही."

आसावरी उठली आणि सिंकवर हात धुवायला गेली. पट्टी ओली होईल म्हणून मी ओरडले, तिला ऐकूच आलं नाही.

"सोमवारी पोलिसांकडे जातो," यतीन म्हणाला. "आणि वकिलाला फोन. देवांगच्या ग्रीन कार्डचा अर्ज आपल्या दुकानाच्या नावाने आहे ना, तो मागे घेतो."

म्हणजे देवांगची इथली सगळी वर्षं मातीत. वर पोलिसांत नाव. बायकोसकट त्याला परत मुंबईला जावं लागलं असतं, आणि तेही चोर म्हणून.

घरात कपड्यांच्या मशीनजवळ आसावरीच्या जेवणाच्या डब्याचा पांढरा रुमाल मी आदल्या दिवशी गार पाण्यात भिजवला होता. रक्ताचे लाल डाग पडले होते त्याला. तो पिळून वाळत घातला आणि पलंगावर पडले. मला ह्या वयात चोर धरायची हौस नव्हती. पण घरातला केर शेवटी मीच काढते.

२

रविवारी ओक ट्री रोडवर लग्नाच्या खरेदीची गर्दी असते. यतीन पुढे गिऱ्हाइकांना पाटल्या दाखवत होता आणि मधूनमधून मागच्या दाराकडे असा बघत होता, जसा काही आत वाघ बांधलाय. मी माझी खुर्ची उचलून मागे देवांगच्या टेबलाजवळ नेली.

देवांग मूळ गुजराती, पण मुंबईत वाढलेला. मराठी आमच्या यतीनपेक्षा स्वच्छ. डोळ्याला भिंग लावून तो मंगळसूत्राच्या वाटीला झाळ देत होता.

"देवांग, तुला पिस्तूल चालवता येतं का रे?"

"मावशी, मला पॅरलल पार्किंग येत नाही. दोनदा नापास झालोय. पिस्तूल काय चालवणार?"

"लॉकरचा आकडा ठाऊक आहे?"

"तुमच्याकडे दुसरा आकडा आहेच कुठे? तिजोरी, मागचं दार, वायफाय, सगळीकडे मोठ्या साहेबांची जन्मतारीख. दर वर्षी त्या दिवशी तुम्हीच गिऱ्हाइकांना पेढे वाटता आणि तारीख सांगता. अर्ध्या आयसेलिनला लॉकर उघडता येईल."

खरं होतं. मला राग आला, पण खरं होतं.

"यतीन तुझ्यावर संशय घेतोय."

"माहीत आहे. काल फोन केला होता त्यांनी."

"काय म्हणाला?"

"ते राहू दे. तुमच्या तोंडावर सांगण्यासारखं नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? 'नाही' म्हटलं. घेतल्या असत्या तर सांगायला काहीतरी गोष्ट असती. घेतल्याच नाहीत तर 'नाही'च्या पुढे काय बोलणार माणूस?" त्याने झाळीची ज्योत बारीक केली. "घरी प्रीताला अजून बोललो नाही. ती झोपणार नाही."

मी खुर्ची जवळ ओढली. मग म्हटलं, "खरं सांग. ह्या महिन्यात इथे काही झालं का? यतीन असा बिथरलेला का आहे?"

देवांगचा हात थांबला. भिंग त्याने काढलं नाही, पण नजर खाली गेली.

"ते गुरुदत्तकाकांना विचारा."

"मी तुला विचारतेय."

"मावशी, चोरीचा आळ आहे माझ्यावर. त्यात चुगलीची भर कशाला?"

म्हणजे काहीतरी झालं होतं. देवांगला माहीत होतं, माझ्या दिराला माहीत होतं, आणि मला, जिच्या नकळत ह्या घरात दूध उतू जात नाही तिला, कुणी सांगितलं नव्हतं.

३

गुरुदत्तभावजी आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये राहतात. निवृत्त इंजिनिअर, एकटा जीव. बायको लवकर गेली आणि पेन्शन वेळेवर येतं, त्यामुळे जगात त्यांना दोनच कामं उरली आहेत. एक माझ्या आमटीत मीठ किती ते सांगणं, आणि दुसरं यतीनसाठी गोळ्या शोधणं.

दुकानातून परत आल्यावर मी जिना उतरले. गुडघे बोलत होते.

"भावजी, हे गोळ्यांचं मला नीट समजावून सांगा. शाळा चौथीपर्यंत आहे माझी, त्या हिशेबाने सांगा."

ते खूश झाले. त्यांना असं कुणी विचारत नाही.

"वहिनी, जीव वाचवायची गोळी महाग. तिच्या एकीच्या पैशात सरावाच्या तिघी येतात. म्हणून सराव कुणी महाग गोळीने करत नाही. पण नुसती स्वस्त घेतली की घोटाळा होतो. यतीन आधी जी स्वस्त आणायचा ती हलकी होती. हाताला झटका वेगळा, आणि गोळी लागायची तीही जरा वेगळ्या जागी. म्हणजे सराव एकीचा आणि वेळ आली की हातात दुसरी. उपयोग काय?"

"मग?"

"मग मी शोधत बसलो. गोळीचं वजन तेच हवं. वेग तोच हवा. डब्यावर छापलेल्या वेगावर माझा विश्वास नाही, कंपन्या लांब नळीच्या बंदुकीवर मोजतात आणि मोठा आकडा छापतात. म्हणून मी मोजायचं यंत्र आणलं, यतीनबरोबर रेंजवर गेलो, आणि आपल्याच पिस्तुलातून दोन्ही उडवून बघितल्या. किती कंपन्या बघितल्या! शेवटी एक सापडली. तेच वजन, तोच वेग, तोच झटका, त्याच जागी लागते. आणि स्वस्त. डोळे बांधून चालवलीत तर फरक कळणार नाही."

मी पटकन विचारलं, "मोजायला महागातल्या उडवल्यात, त्या कुठून आणल्या?"

"माझ्या पैशाने डबा घेतला. हा काय, अर्धा उरलाय." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. शेजारीच सरावाच्या गोळ्यांचा मोठा खोका होता, फोडलेला.

"पिस्तुलात ज्या निघाल्या त्या ह्याच खोक्यातल्या?"

"ह्याच. बुडावरची खूण मी ओळखली ना. जुन्या हलक्या नव्हेत, ह्या नव्या."

"हा खोका घरी कधी आला?"

"तुळशीचं लग्न झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात."

"आणि इथून बाहेर गेला?"

"कधीच नाही. रेंजला जायच्या दिवशी यतीन लागतात तेवढ्या काढून नेतो, उडवून येतो. दुकानात एकही जात नाही."

मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले. देवांग आमच्या घरी शेवटचा आला तो दिवाळीच्या पाडव्याला, जेवायला. तेव्हा हा खोका ह्या घरात नव्हताच. ज्याने गोळ्या बदलल्या त्याने ह्या बेसमेंटमधून मूठभर उचलून दुकानात नेल्या होत्या. देवांगला इथे यायला वाट नव्हती.

चोर घरातला होता. यतीन स्वतःच्या पिस्तुलाशी असं करणार नाही. उरले भावजी आणि आसावरी.

मी भावजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"भावजी, दुकानात ह्या महिन्यात काय झालं?"

४

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"मला विचारू नका, वहिनी."

"विचारून झालंय. आता उत्तर द्यायचं राहिलंय. देवांगचं उद्या वाटोळं होणार आहे, आणि तुम्ही काच पुसत बसा."

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग सांगितलं.

एकदा दुकान बंद व्हायच्या वेळी भावजींना आठवलं की आपला चष्मा तिथेच राहिला. थंडी होती म्हणून डोक्यावर टोपी, तोंडाला मफलर. मागच्या दाराचा आकडा माहीत, म्हणून हाक न मारता आत आले. यतीन लॉकर बंद करत होता. त्याने वळून मफलर बघितला आणि पिस्तूल सरळ भावजींच्या छातीवर रोखलं.

"मी हात वर केले, वहिनी. बोलायला गेलो तर आवाजच फुटेना. देवांग ओरडला, 'काका आहेत, काका आहेत!' तेव्हा त्याने खाली घेतलं. आसावरी त्याला घ्यायला आली होती. पुढच्या दारात उभी होती ती. तिने सगळं बघितलं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"यतीनने हात जोडले. आईला कळलं तर, म्हणाला... आम्ही तिघांनी शब्द दिला."

माझा लेक आपल्या चुलत्याच्या छातीवर पिस्तूल रोखतो आणि मी वर मेथी निवडते. ज्याने भावजींना वाचवलं, त्याच्यावरच चोरीचा आळ येतो, आणि दिलेला शब्द मोडायला नको म्हणून तो तोंड मिटून झाळ देत बसतो. मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"मग तुम्हीच बदलल्यात ना?" मी विचारलं. "परत कधी रोखलं तर जीव वाचावा म्हणून?"

भावजी ताडकन उभे राहिले. "वहिनी! मी? मी असतो तर ह्या गोळ्या दुकानात कधीच भरल्या नसत्या!"

"का?"

"कारण सरावाची गोळी म्हणजे खोटी गोळी नव्हे! माणूस हिनेही मरतो. उलट ही जास्त वाईट. खड्ड्याची गोळी आत गेली की फुलासारखी उमलते आणि बहुतेक तिथेच अडकते. गोल नाकाची उमलत नाही. आरपार जाते. माणसातून पलीकडे, भिंतीतून पलीकडे. आणि आपल्या दुकानाची बाजूची भिंत कशाची आहे? पुठ्ठ्यासारखी, नुसती जिप्समची. तिच्यामागे काय आहे?"

मागे आयब्रो करायचं पार्लर आहे. भिंतीला लागून बाकडी आहेत, त्यावर बायका नंबर लावून बसतात. मीही बसते.

"ज्याने कुणी हे केलं," भावजी म्हणाले, "त्याला गोळ्यांमधलं ओ की ठो कळत नाही. आणि नवखाच आहे तो. मॅगझिनची स्प्रिंग भलतीच कडक असते. सवय नसली की भरताना अंगठा सोलून निघतो."

मी जिना चढायला लागले. मागून त्यांनी हाका मारल्या. मी थांबले नाही.

५

आधी मशीनजवळ गेले. दोरीवर तो पांढरा रुमाल होता. वाळला होता, पण डाग तसेच. लालभडक.

रक्ताचे डाग कुठल्या बाईला सांगावे लागत नाहीत. वाळले की काळपट होतात आणि गार पाण्यात भिजवले की सुटतात. हे सुटलेही नव्हते आणि काळेही पडले नव्हते. मी खिडकीशी नेऊन वास घेतला. कुंकू होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला दुकानात शस्त्रांची पूजा असते. सोनाराची शस्त्रं म्हणजे तराजू, चिमटे, कानस, हातोडी. ह्या वर्षी मी यतीनला म्हटलं, पिस्तूलही काढ, तेही शस्त्रच आहे. गोळ्यासुद्धा काढायला लावल्या आणि ताटात ओळीने उभ्या केल्या. त्यांच्या नाकाला तो खड्डा. कुंकू लावायला इतकी सोयीची जागा देवानेही केली नसती. मी प्रत्येकीत चिमूट चिमूट भरलं. यतीन किंचाळला होता, "आई, हे काय हळदीकुंकू आहे का?" मग कानाच्या काड्या घेऊन कोरत बसला. पण खोल बसलेलं कुंकू कुणाचं निघालंय?

त्या गोळ्या ह्या रुमालात बांधल्या गेल्या होत्या.

आता लपवल्या कुठे? गाडीत नाही, यतीन तीच गाडी नेतो. ऑफिसला नाही, दारात धातू ओळखणारं यंत्र असतं. कचऱ्यात टाकायची छाती नसणार. घरात, तर माझा हात जात नाही अशी जागा ह्या घरात एकच. मी जन्मात कॉफी प्यायले नाही.

आसावरी स्वयंपाकघरात कणीक मळत होती, एका हाताने. मी वरच्या फळीवरून तिचा कॉफीचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. उघडला नाही.

"आई..."

"तू उघड. मी उघडला तर मी चोर पकडला असं होईल. तू उघडलास तर तू सांगितलंस असं होईल."

तिने बघितलं माझ्याकडे. मग कणकेच्या हातानेच डबा उघडला. कॉफीच्या पुड्यांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या होत्या. खड्ड्यांत लाल.

"काकांनी तो खोका आणला तेव्हा जेवताना सांगत होते," ती हळू म्हणाली, "की ह्या अगदी सेम आहेत, आवाज तोच, झटका तोच, फक्त आत जाऊन ते फुटणं नाही. मला वाटलं, म्हणजे खोट्या. प्रॅक्टिसला टेनिस बॉल आणि मॅचला सीझन बॉल, तसं. यतीनला कळणारही नाही, आणि पुन्हा कुणावर झाडली तर दुखेल, पण मरणार नाही. आई, तुम्ही त्याचा चेहरा बघितला नाहीत त्या दिवशी. मी किती विनवलं, काढून टाक ते. तो म्हणाला, तुम्हा सगळ्यांसाठीच ठेवलंय. मग एक दिवस सकाळी तो शॉवरला गेला, तेव्हा मी त्याच्या आधी दुकान उघडायला गेले आणि..."

"आणि देवांग?"

ती रडायला लागली. "काल यतीन म्हणाला तेव्हाच सांगणार होते. माझं तोंडच उघडेना. मी सांगितलं तर तो मला कधी माफ करणार नाही, आई. तुम्हाला माहितीये तो कसा आहे."

"माहितीये. मीच केलाय तसा." मी तिच्या हातातली कणीक बाजूला सारली. "पण तुझा संसार देवांगच्या पाठीवर ठेवून चालणार नाही. यतीनची गाडी आली बघ. तूच सांग."

ती दाराकडे वळली, आणि मी खाली भावजींना हाक मारली. भिंतीचं तिला अजून माहीत नव्हतं.

६

तिने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, यतीनचे जोडे अजून पायातच होते.

"तू?" तो म्हणाला. "आर यू सीरियस? माझ्या पिस्तुलात तू... आणि ते लोक आले असते तर? मी मेलो असतो, आसावरी!"

"आणि काका मेले असते ते?"

यतीनने माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्याला तेव्हा कळलं.

मग भावजींनी भिंतीचं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, तरी आसावरीचा चेहरा पांढरा फटक पडला. ती हळूच खाली बसली, फरशीवरच. "म्हणजे पार्लरमधल्या बायका..." एवढंच म्हणाली. यतीन तिच्यावर ओरडणार होता, त्याऐवजी त्याने जोडे काढले. मग तिच्या शेजारी फरशीवर बसला. दोघं तशीच, एकमेकांकडे न बघता.

"भांडायला जन्म पडलाय," मी म्हटलं. "आधी एडिसनला चला. देवांगकडे."

"उद्या सांगतो ना दुकानात..."

"दुकानात तू मालक आहेस. त्याच्या घरी जाऊन सांग."

एडिसनला स्टेशनजवळ त्यांचा फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात मला दोनदा थांबावं लागलं. प्रीताने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की देवांगने तिला आता सांगितलंय. तिने "या" म्हटलं, पण हसली नाही.

देवांग सोफ्यावर होता. उठला. यतीनने सगळं सांगितलं, कुणी बदलल्या, का बदलल्या. शेवटी म्हणाला, "आय ॲम सॉरी, यार. रिअली."

"मराठीत माग," मी म्हटलं.

"राहू द्या, मावशी," देवांग म्हणाला. "भाषेने काय होतं. माफ केलं." मग यतीनकडे बघून म्हणाला, "पण यतीनभाई, एक विचारू? मी 'माफ नाही करत' असं म्हणू शकतो का? माझे कागद तुमच्याकडे आहेत. तुम्ही शिव्या दिल्यात तरी मी उद्या दहाला येणार, आणि माफी मागितलीत तरी दहाला येणार. मग माझ्या माफीची किंमत काय?"

मी यतीनकडे बघितलं आणि, असं कधी करत नाही, त्याच्या वतीने काही बोलले नाही.

यतीन म्हणाला, "अर्ज पुढे जाईल. उद्या वकिलाला तेच सांगतो. तू आमच्याकडे राहिलास तरी, कार्ड मिळताच दुसरीकडे गेलास तरी. मी अडवणार नाही. आईसमोर सांगतोय."

"मी ऐकलं," मी म्हटलं.

देवांगने मान हलवली. कपाळावरच्या जुन्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "मग आता सांगतो. ते पिस्तूल दुकानात असेपर्यंत मी येणार नाही. खड्ड्याच्या भरा, गोल भरा, काही भरा. त्या दिवशी मी ओरडायला जरा उशीर केला असता, तर आज काका नसते. रोज वेळेवर ओरडायचं काम मला जमणार नाही."

यतीनने आसावरीकडे बघितलं. वर्षभर त्या लोखंडाच्या भरवशावर झोपायचा प्रयत्न करत होता तो. आसावरीने त्याच्याकडे बघितलं नाही. आपल्या पट्टीकडे बघत बसली.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "देऊन टाकतो. ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदाराला परत."

प्रीता आत गेली, कपांचा आवाज आला. ती ट्रे घेऊन आली आणि आमच्यासमोर धरणार, तेवढ्यात देवांगने हात पुढे करून पहिला कप स्वतः उचलला. शांतपणे एक घोट घेतला. मग ट्रे आमच्याकडे सरकवला.

पाहुण्यांच्या आधी चहा घेणं आमच्याकडे चालत नाही. मी त्याच्या मागून कप घेतला. घर त्याचं होतं.